वेशीत बसलेला न्याय : बायबलमधील नगरद्वारांचा अर्थ

बायबलच्या जुन्या करारातली रूथची गोष्ट वाचताना एका ठिकाणी मी दर वेळी अडखळत असे. गोष्ट अवघी चार अध्यायांची आहे. बेथलेहेमची नामी दुष्काळामुळे नवरा आणि दोन मुलगे यांच्यासह मवाब देशात जाते. तिथे नवरा वारतो, मुलगेही वारतात, आणि विधवा झालेल्या रूथ या मवाबी सुनेला बरोबर घेऊन नामी आपल्या गावी परतते. रूथ बवाज नावाच्या नात्यातल्या माणसाच्या शेतात सरवा वेचू लागते. पुढे बवाज तिच्याशी लग्न करायचे ठरवतो आणि दुसऱ्या दिवशी गावच्या वेशीत जाऊन बसतो. देवळात जात नाही, नामीच्या घरी जात नाही, वेशीत बसतो.

त्याच्याहून जवळचा एक नातलग तिथून जात असतो, त्याला तो हाक मारून बसवून घेतो. गावातली दहा वडीलधारी माणसे बोलावून बसवतो. नामीच्या शेतजमिनीचा विषय निघतो, जमिनीबरोबर मयताच्या विधवेची जबाबदारी येते हे सांगितले जाते. नातलग माघार घेतो आणि आपल्या पायातला जोडा काढून देतो. हक्क सोडल्याची ती खूण. बसलेली माणसे म्हणतात, आम्ही साक्षी आहोत. जमीन, वारसा आणि लग्न हे तीनही प्रश्न त्या एका बैठकीत निकाली निघतात.

हे सगळे वेशीत का झाले, हा माझा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना लक्षात आले की बायबलमधली वेस म्हणजे भिंतीतले येण्याजाण्याचे भोक नव्हे. एखादे गाव न्यायी आहे की नाही हे जिथे कळते, ती ही जागा आहे. वेशीचा पुढचा सारा आध्यात्मिक अर्थ याच मुळातून फुटला आहे, असे माझे म्हणणे आहे.

शब्द आणि जागा

मूळ हिब्रू शब्द ‘शाअर’. मराठी अनुवादकांनी त्यासाठी ‘वेस’ हा शब्द वापरला आणि तो फार नेमका बसला. ‘दरवाजा’ किंवा ‘द्वार’ म्हटले की घर, वाडा, किल्ला, देऊळ काहीही डोळ्यांपुढे येते. वेस म्हटले की गावच येते. तटबंदी पडून गेली तरी नगरच्या माळीवाडा वेशीसारखी नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत. ‘अब्रूची लक्तरे वेशीवर टांगणे’ या आपल्या वाक्प्रचारातही वेस म्हणजे सगळ्या गावाने पाहण्याची जागा हाच अर्थ आहे. हिब्रूत तर ‘शाअर’ या एका शब्दाने अख्खे गाव सांगता येते. अनुवाद या पुस्तकात ‘तुझ्या वेशींच्या आत’ राहणारा परदेशी, अनाथ आणि विधवा यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. तिथे ‘वेशीच्या आत’ याचा अर्थ ‘तुझ्या गावात’ एवढाच.

पण आपल्या गावाची आणि त्या गावांची रचना सारखी नव्हती. आपल्याकडे न्यायनिवाड्याला चावडी, गप्पांना पार, खरेदी-विक्रीला बाजारपेठ अशा वेगवेगळ्या जागा असतात. प्राचीन इस्रायलमधली तटबंदीची गावे लहान, टेकडीवर वसलेली, आत घरांना घरे लागलेली. माणसे जमू शकतील अशी मोकळी जागा बहुधा वेशीच्या आतबाहेरच मिळे. त्यामुळे चावडी, पार, बाजार आणि पहाऱ्याची चौकी हे सगळे तिथे एकत्र आले.

उत्खननांनी हे चित्र चांगलेच स्पष्ट केले आहे. हासोर, मगिद्दो आणि गेजेर या तीन ठिकाणच्या वेशी सहा खोल्यांच्या आहेत : मधून रस्ता आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन देवड्या. शलमोन राजाने ही तीन नगरे बांधल्याचा उल्लेख बायबलमध्ये एकत्र येतो, म्हणून यिगाएल यादीन यांनी या वेशी शलमोनाच्या काळातल्या मानल्या; त्यावर पुढे बराच वाद झाला. गेजेरच्या देवड्यांत भिंतींना लागून बसण्यासाठी कट्टे आहेत. उत्तरेकडे तेल दान येथे अव्राहाम बिरान यांनी १९६६ पासून उत्खनन केले. तिथे वेशीलगत फरसबंद चौक, दगडी बाक आणि त्याच्या शेजारी एक छोटा चौथरा सापडला. चौथऱ्याच्या कोपऱ्यांना खांबांच्या कोरीव बैठका आहेत, म्हणजे वर छत्र असावे. तिथे राजा किंवा न्यायाधीश बसत असेल, किंवा देवाची मूर्ती असेल, अशी दोन्ही मते आहेत.

दक्षिणेकडच्या लाखीशची सहा खोल्यांची वेस सुमारे २४.५ मीटर लांब आणि तेवढीच रुंद आहे. तिच्या एका खोलीतही बाक मिळाले. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या उत्खननात तिथे एक छोटे देवघर आढळले. त्यातल्या वेद्यांची शिंगे मुद्दाम तोडलेली होती. हिज्कीया राजाने स्थानिक पूजास्थाने मोडली त्या वेळची ही खूण असावी, असे उत्खननकर्त्यांना वाटते. म्हणजे वेशीत देवही होता. याच लाखीशच्या वेशीतल्या एका खोलीत १९३५ मध्ये खापरांवर शाईने लिहिलेला लष्करी पत्रव्यवहार सापडला होता. थोडक्यात, गावाचे दप्तरही वेशीतच.

चारचौघांदेखत

एवढी माणसे जिथे येतात-जातात तिथे व्यवहार केला की तो लपत नाही. साराच्या मृत्यूनंतर अब्राहामाला तिला पुरण्यासाठी जागा हवी होती. तो परदेशी, त्या मुलखात त्याची वीतभर जमीन नव्हती. एफ्रोन हित्तीकडून त्याने मकपेलाचे शेत आणि गुहा ४०० शेकेल चांदी तोलून विकत घेतली. हा व्यवहार वेशीत येणाऱ्या सगळ्यांच्या देखत झाला, हे उत्पत्तीचा लेखक आवर्जून सांगतो. लेखी खरेदीखत नसलेल्या समाजात वेशीतले कान आणि डोळे हेच खरेदीखत. परक्या माणसाला तर त्याची गरज सर्वांत जास्त.

अनुवादाच्या पुस्तकातील नियमांनुसार तंटे वेशीतल्या वडिलांपुढे येतात. निपुत्रिक विधवेला दिराने नाकारले तर तिने स्वतः वेशीत जाऊन त्याच्याविरुद्ध तक्रार करावी, असाही एक नियम तिथे आहे. मात्र वेस नेहमीच दयाळू होती असे समजायचे कारण नाही. हाताबाहेर गेलेल्या मुलाला आईबापांनी वेशीत वडिलांपुढे आणावे आणि गावाने त्याला दगडमार करावी, असा नियमही त्याच पुस्तकात आहे. येहूने अहाब राजाच्या ७० मुलांची शिरे इज्रेलच्या वेशीत दोन ढीग करून रात्रभर ठेवायला लावली. सगळ्या गावाने पाहण्याची जागा दहशतीच्याही कामी येते.

एका मजुराचे अंगावरचे वस्त्र

वेशीतला न्याय प्रत्यक्षात कसा मागितला जात असेल, याचा एक पुरावा मला बायबलमधल्या कुठल्याही प्रसंगाइतकाच मोलाचा वाटतो. भूमध्य समुद्राच्या काठी, यवने-याम जवळ, मेसाद हशव्याहू नावाची एक छोटी गढी आहे. १९६० मध्ये योसेफ नावेह यांना तिच्या वेशीलगतच्या पहारेकऱ्यांच्या खोलीत एक लिहिलेले खापर तुकड्या-तुकड्यांत मिळाले. काळ इसवी सनपूर्व सातव्या शतकाचा उत्तरार्ध. त्यावर चौदा-पंधरा ओळींचा हिब्रू मजकूर आहे : एका शेतमजुराचा गढीच्या अधिकाऱ्याकडे केलेला अर्ज.

मजूर म्हणतो की त्याने कापणी केली, ठरलेले धान्य मोजून कोठारात टाकले. तरीही होशव्याहू नावाचा माणूस आला आणि त्याचे वस्त्र घेऊन गेला. भर उन्हात बरोबर कापणी करणारे भाऊबंद आपल्या बाजूने साक्ष देतील, आपला काही अपराध नाही, आपले वस्त्र परत मिळावे. वस्त्र परत देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक नसेल तर निदान दया म्हणून तरी ते मिळावे, अशीही विनवणी तो करतो. मजुराला लिहिता येत नसावे. तो सांगत गेला आणि कोणा लेखनिकाने उतरवून घेतले असावे, कारण वाक्ये बोलल्यासारखी आहेत, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा येते. वस्त्र हिसकावणाऱ्याचे नाव अर्जात आहे. ज्याचे वस्त्र गेले त्याचे नाव कुठेच नाही.

आता निर्गमाच्या पुस्तकातला नियम पाहू. गरिबाचे पांघरूण गहाण घेतलेस तर सूर्य मावळण्यापूर्वी परत दे, कारण त्याच्या अंगावर घ्यायला दुसरे काही नाही, असे तो सांगतो. मजुराच्या अर्जात या नियमाचा उल्लेख नाही आणि त्याचे वस्त्र गहाण म्हणून नेले की दंड म्हणून, हेही उघड नाही. पण नियम आणि अर्ज एकाच जगातले आहेत. गरिबाच्या अंगावरचे वस्त्र नेले जात होते म्हणून तो नियम करावा लागला. अधिकाऱ्याने काय निकाल दिला ते खापर सांगत नाही. मजुराची विनंती मात्र २६०० वर्षांनंतरही वेशीतच पडून होती.

संदेष्ट्यांचा राग

या खापराच्या शंभरेक वर्षे आधी आमोस नावाचा मेंढपाळ उत्तरेच्या राज्यात जाऊन बोलत होता. लोक गहाण घेतलेल्या वस्त्रांवर वेदीशेजारी लोळतात, हा त्याचा एक आरोप. वेशीत खरे बोलणाऱ्याचा ते द्वेष करतात, लाच घेतात आणि वेशीतून गरिबाला माघारी लावतात, हा दुसरा. वेशीत न्याय स्थापन करा, ही त्याची मागणी. आमोसच्या लेखी सण, यज्ञ आणि गायन यांना वेशीतल्या न्यायावाचून काडीची किंमत नव्हती. देवाशी नाते नीट आहे की नाही हे मंदिरात ठरत नाही, ते वेशीत ठरते, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे.

ईयोबाच्या पुस्तकातही हीच कसोटी आहे. सर्वस्व गमावलेला ईयोब आपले जुने दिवस आठवतो. तो वेशीत आसन मांडी तेव्हा तरुण बाजूला होत, म्हातारे उठून उभे राहत. हा मान का होता हेही तो सांगतो : कारण मदतीसाठी ओरडणाऱ्या गरिबाला आणि अनाथाला तो सोडवी. पुढे स्वतःच्या निर्दोषपणाची शपथ घेताना, वेशीत आपले वजन आहे म्हणून मी अनाथावर कधी हात उगारला नाही, असे तो म्हणतो. वेशीत ओळख असणे म्हणजे काय आणि तिचा गैरवापर कसा होतो, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच असे वाक्य सुचेल.

आणि वेशीत कोणी ऐकेनासे झाले की काय होते? दावीद राजाचा मुलगा अबशालोम पहाटे उठून वेशीच्या वाटेवर उभा राहू लागला. राजाकडे दाद मागायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगे, तुझे म्हणणे रास्त आहे, पण ऐकून घ्यायला राजाने कोणी नेमलेलेच नाही. अशी त्याने लोकांची मने वळवली आणि मग बंड केले. बंड मोडले तेव्हा दावीद महनाईमच्या आतल्या आणि बाहेरच्या वेशींच्या मध्ये बातमीची वाट पाहत बसला होता. मुलगा मेल्याचे कळताच तो वेशीवरच्या खोलीत जाऊन रडू लागला. शेवटी यवाब सेनापतीने खडसावल्यावर तो खाली येऊन वेशीत बसला, आणि लोक पुन्हा त्याच्यापुढे आले. राज्य गेले ते वेशीच्या वाटेवर, सावरले तेही वेशीत.

वेशीबाहेरचे

मराठी वाचकाला ‘वेशीबाहेर’ आणि ‘गावकुसाबाहेर’ या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दोन इतिहास एक नाहीत आणि ते एक करूही नयेत. पण भिंत बांधली की तिला बाहेरची बाजू येते, हे दोन्हीकडे खरे आहे. शोमरोनला अरामी सैन्याचा वेढा पडला होता, आत माणसे उपासमारीने मरत होती. वेशीच्या तोंडाशी चार कोडी बसलेले होते. आत जावे तर दुष्काळ, इथे बसावे तरी मरण. म्हणून ते शत्रूच्या छावणीत गेले, तर छावणी ओस पडलेली. पोटभर खाल्ल्यावर त्यांना वाटले, ही चांगली बातमी आपण एकट्याने ठेवणे बरे नव्हे. त्यांनी परत येऊन पहारेकऱ्यांना हाक मारली. ज्यांना गावाने आत घेतले नव्हते त्यांनी गाव वाचवले.

नव्या करारात हा धागा पुढे जातो. नाईन गावाच्या वेशीत दोन घोळके समोरासमोर येतात : येशूबरोबर आत जाणारा आणि एका विधवेच्या एकुलत्या मुलाची अंत्ययात्रा घेऊन बाहेर येणारा. येशू तिथेच थांबतो. ज्या वेशीत विधवेची दाद ऐकायची, त्याच वेशीत ती ऐकली जाते, हे लूकचा जुना वाचक ओळखत असणार. पुढे येशूला यरुशलेमच्या तटाबाहेर क्रुसावर दिले जाते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक यावर बोट ठेवतो : त्याने वेशीबाहेर दुःख सोसले, तर आपणही त्याचा अपमान वाहत बाहेर त्याच्याकडे जाऊ या. आत जाणे हेच ज्या भाषेत पुण्य होते, तिथे बाहेर जाणे हे पुण्य झाले.

वेशींचा आध्यात्मिक अर्थ सांगताना कल्पना फार ताणण्याचीही परंपरा आहे. नहेम्याने यरुशलेमचा तट ५२ दिवसांत पुन्हा उभारला, त्या हकिकतीत मेंढरवेस, मासळीवेस, उकिरडावेस अशी नावे येतात. प्रवचनांत प्रत्येक वेशीला आध्यात्मिक प्रवासाचा एकेक टप्पा जोडला जातो. ऐकायला ते गोड वाटते, पण नहेम्या तिथे कोणत्या घराण्याने कोणता भाग बांधला याची यादी देतो आहे. सुईच्या नाकातून उंट जाण्याचा दृष्टान्तही असाच. ‘सुईचे नाक’ नावाची एक अरुंद वेस यरुशलेमला होती आणि उंट ओझे उतरवून गुडघ्यांवर तिच्यातून जाई, असे सांगतात. येशूच्या काळी अशी वेस असल्याचा पुरावा नाही. श्रीमंताला थोडे वाकून आत जाता यावे म्हणून ती रचलेली दिसते.

दयेची दोन द्वारे

वेस हा शब्द देवाकडे कसा वळला, हे मात्र बायबलमध्ये स्पष्ट दिसते. घर सोडून पळालेला याकोब उघड्यावर दगड उशाला घेऊन झोपतो, स्वर्गाला टेकलेली शिडी स्वप्नात पाहतो आणि जागा झाल्यावर त्या जागेला स्वर्गाचे द्वार म्हणतो. तिथे तट नाही, पहारेकरी नाही. ठाण्यातल्या १८७९ साली बांधलेल्या बेने इस्रायलांच्या सिनेगॉगचे नाव ‘शार हशामाइम’, म्हणजे स्वर्गाचे द्वार. मुंबईत मशीद बंदर स्थानकाजवळ सॅम्युअल स्ट्रीटवर त्याहून जुने सिनेगॉग आहे, १७९६ साली सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी स्थापलेले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्यावर त्यांनी नवस फेडला, अशी आठवण समाजात सांगतात. त्याचे नाव ‘शार हारहमीम’, दयेचे द्वार. मुंबईकर त्याला जुनी मशीद म्हणत, आणि स्थानकाला नाव त्यावरूनच मिळाले असे सांगितले जाते.

याच नावाची एक वेस यरुशलेमला आहे. मंदिराच्या टेकडीच्या पूर्वेकडचे जे ‘सुवर्णद्वार’, त्याला हिब्रूत दयेचे द्वार म्हणतात. ते शतकानुशतके दगडांनी चिणलेले आहे.

बंद वेस आणि उघडी वेस हा वाद बायबलमध्येही आहे. नहेम्या शब्बाथच्या संध्याकाळी वेशी लावून घेतो आणि व्यापाऱ्यांना बाहेर ठेवतो. मवाबी आणि अम्मोनी यांना देवाच्या मंडळीत घेऊ नये, हा नियमशास्त्रातला उतारा त्याच्या काळात वाचला जातो आणि मिश्र वंशाची माणसे वेगळी काढली जातात. उद्ध्वस्त होऊन परतलेल्या समाजाची ती भीती होती, तिला हसण्याचे कारण नाही. यशयाच्या पुस्तकाच्या शेवटच्या भागात मात्र यरुशलेमच्या वेशी रात्रंदिवस उघड्या राहतील असे स्वप्न आहे, आणि प्रकटीकरणात ते पूर्ण होते. नव्या यरुशलेमला बारा वेशी, चारी दिशांना तीन-तीन, प्रत्येक एकेका मोत्याची, आणि त्या कधीच लागत नाहीत, कारण तिथे रात्रच नाही. तरीही तिथे कोणी बाहेर राहतच नाही असे नाही. पण बाहेर राहतो तो खोटेपणा आणि हिंसा करणारा. जन्म कुठला हे तिथे विचारत नाहीत.

आता बवाजच्या बैठकीकडे परत येते. रूथ मवाबी होती. नियमाच्या शब्दांवर बोट ठेवले असते तर त्या दहा वडिलांना तिला नाकारता आले असते. शिवाय त्या बैठकीत रूथ नव्हती, नामीही नव्हती. दोन बायकांचे भवितव्य पुरुषांनी ठरवले, हे वाचताना मला आजही खुपते. पण त्या वेशीने परकी म्हणून तिला माघारी लावले नाही. राहेल आणि लेआ यांच्यासारखी ती होवो, असा आशीर्वाद दिला. म्हणजे इस्रायलच्या मूळ आयांच्या रांगेत बसवले. नहेम्याच्या काळातल्या कडकपणाला उत्तर म्हणून ही गोष्ट लिहिली गेली असावी, असे काही अभ्यासक मानतात. तिच्या शेवटी एक छोटी वंशावळ आहे : रूथचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद. त्या सकाळी वेस बंद राहिली असती तर ही वंशावळ लिहिताच आली नसती.